विजयदुर्गाचे कट्टे आणि तळणीचा कॅमेरा : १८९८ची पौष अमावास्या

१/
हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, ही कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथील ‘साहेबाचे कट्टे’ ही त्याचीच खूण, असे या कथेचे स्वरूप आहे. परंतु पंचांगच तिच्याविरुद्ध साक्ष देते.

२/
तो दिवस श्रावण अमावास्येचा, म्हणजे पोळ्याचा. कोकणात तेव्हा पावसाळी ढगांचे राज्य असते. फ्रान्सचे जान्सेन वेध घेण्यासाठी पूर्वेकडे गुंटूरला गेले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते आणि त्यांच्या कामात ढगांनी व्यत्यय आणलाच.

३/
लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाविना, इंग्लंडमधूनच सौरज्वालांचा वर्णपट मिळवला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडले.

४/
मग लॉकियर विजयदुर्गाला कधीच आले नाहीत का? आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तो शनिवार होता आणि तिथी पौष अमावास्या.

५/
या वेळी ऋतू अनुकूल होता. ९ ऑगस्ट १८९६चे ग्रहण पाहण्यासाठी लॉकियर थेट नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत गेले होते. तेथे ढगांनी सारी तयारी वाया घालवली. भारतातील जानेवारी मात्र कोरडा. मोसमी वारे केव्हाच परतलेले असतात आणि जमिनीवरून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळे आकाश बहुधा निरभ्र राहते. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन साधनांची दिशा आणि घड्याळांची वेळ पडताळण्यासाठीही अशा रात्री सोयीच्या.

६/
विजयदुर्गाच्या बंदरात ‘मेल्पोमेनी’ ही ब्रिटिश युद्धनौका आली. कप्तान चिझम-बॅटन आणि त्यांचे नौसैनिक लॉकियर यांच्या मदतीला होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. म्हणून प्रत्येकाने आपले काम आधीच घोटून ठेवणे अपरिहार्य होते. दुर्बिणींसाठी पक्के चौथरे बांधण्याची गरज या मोहिमेशी अधिक जुळते.

७/
चंद्राची सावली कोकण किनारा ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवर आली. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही. मुंबई-पुण्यावर प्लेगचे सावट असतानाच्या काळात एक भारतीय शास्त्रज्ञ सूर्याचा वर्णपट टिपत होता. ‘साहेबाच्या’ कथेत त्यांचे नाव क्वचितच येते.

८/
पुढे सावली वऱ्हाडात शिरली. अमरावती जिल्ह्यात, नागपूरच्या लोहमार्गावर, धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यान तळणी हे स्थानक आहे. तेथे एडवर्ड आणि ॲनी माँडर हे दांपत्य तळ ठोकून होते. ॲनी पूर्वी ग्रीनिच वेधशाळेत गणकाचे काम करत. १८९५ मध्ये विवाह झाल्यावर त्यांना ती नोकरी सोडावी लागली होती. तळणीत त्यांच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक लांबलचक किरण टिपला. त्याची लांबी सुमारे ६० लाख मैल भरली. तोवर इतका लांब प्रभाकिरण कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

९/
अकोट या छायापट्ट्याच्या वायव्येला राहिले. खग्रास अवस्था तेथे आली नाही. भर दुपारी सूर्याची बारीक कोर तेवढी उरली. विजयदुर्ग ते तळणी हे सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर सावलीने काही मिनिटांत कापले आणि तो सारा पट्टा त्या दिवशी निरभ्र होता.

१०/
विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. लॉकियर तेथे खरोखर आले, त्यांचे वेध यशस्वी झाले आणि त्यांचा अहवालही प्रसिद्ध झाला. चुकले ते केवळ वर्ष. ते दुरुस्त केले, तर किल्ल्याच्या गोष्टीत जेऊरचे नायगमवाला आणि तळणीच्या ॲनी माँडर यांनाही त्यांची जागा मिळते.