स्टेरॉइड संप्रेरकांचा मेंदूवर होणारा तत्काळ परिणाम

अंडाशय, वृषण आणि अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारी स्टेरॉइड संप्रेरके संथ गतीने काम करतात, असे शरीरक्रियाशास्त्रात दीर्घकाळ मानले जात होते. संप्रेरक पेशीत शिरते, तेथील ग्राही प्रथिनाला जोडले जाते, ही जोडी जनुकांना चालना देते आणि त्यानंतर नवी प्रथिने तयार होतात. या प्रक्रियेला कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. हे वर्णन चुकीचे नाही. अपुरे मात्र आहे. मेंदूतील चेतापेशींचे संदेशवहन हीच संप्रेरके काही सेकंदांत किंवा मिनिटांत बदलू शकतात आणि त्यासाठी जनुकांची मध्यस्थी लागत नाही.

याची ठळक खूण १९४१ मध्येच मिळाली होती. मॉन्ट्रियल येथील शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी उंदरांना मोठ्या मात्रेत प्रोजेस्टेरॉन टोचले, तेव्हा ते अल्पावधीतच बेशुद्ध झाले. या निरीक्षणातून पुढे भूल देणारी स्टेरॉइड औषधेही तयार झाली. परंतु परिणाम इतका लवकर का होतो, याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

ते उत्तर १९८६ मध्ये मारिया मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केले. ‘गाबा’ हे मेंदूतील उत्तेजना शमवणारे प्रमुख रसायन आहे. ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जोडले गेले की क्लोराइड आयनांचा मार्ग उघडतो आणि पेशी शांत होते. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरातच बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन याच ग्राहीवर अन्य ठिकाणी बसते आणि गाबाचा परिणाम वाढवते. झोपेसाठी पूर्वी सर्रास दिली जाणारी बार्बिट्युरेट औषधेही साधारण याच पद्धतीने काम करतात.

अशी द्रव्ये मेंदू स्वतःही तयार करतो. फ्रान्सचे एतिएन-एमिल बोलिए यांनी १९८१ च्या सुमारास हे दाखवून दिले आणि त्यांना ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव रूढ केले.

सर्व स्टेरॉइडे मात्र एकाच वाटेने जात नाहीत. एस्ट्रोजेनमुळे उंदराच्या मेंदूतील काही पेशींची विद्युत सक्रियता सेकंदांत बदलते, हे १९७६ मध्येच नोंदवले गेले होते. अमेरिकेतील सॅलॅमँडर वर्गातील एका उभयचर प्राण्यात ताणाचे संप्रेरक टोचताच नराची मादीला मिठी मारण्याची प्रवृत्ती मिनिटांत थांबते. त्या प्राण्याच्या चेतापेशींच्या आवरणावर या संप्रेरकाचा ग्राही असल्याचा पुरावा १९९१ मध्ये मिळाला. ताणाच्या प्रसंगी जनुकांवर विसंबून राहिल्यास प्राण्याला उशीरच होईल.

या ज्ञानाचा वैद्यकीय उपयोग प्रसूतिपश्चात नैराश्यात झाला. गर्भारपणात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनची पातळी अनेक पटींनी वाढते आणि प्रसूतीनंतर ती झपाट्याने घसरते. ही घसरण बहुतेक सर्व मातांमध्ये होते, नैराश्य मात्र काहींनाच ग्रासते; म्हणजे केवळ पातळी निर्णायक नसून मेंदू त्या बदलाशी कसे जुळवून घेतो, हेही महत्त्वाचे ठरते. या आजाराकडे मातेचा कमकुवतपणा म्हणून पाहणे किती अन्यायाचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०१९ मध्ये याच द्रव्यापासून तयार केलेल्या ब्रेक्सानोलोनला मान्यता दिली. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. येथे साठ तासांच्या सलाइनमध्येच फरक जाणवू लागला. मात्र गुंगी येऊन शुद्ध हरपण्याचा धोका असल्याने रुग्णालयात सतत देखरेख आवश्यक होती. खर्चही अवाढव्य होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच गटातील झुरानोलोन या गोळीला मान्यता मिळाली. ती चौदा दिवस, रोज संध्याकाळी स्निग्ध पदार्थ असलेल्या आहारासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर किमान बारा तास वाहन चालवण्यास मनाई असते.