सहामाहीचा हिशेब

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केलं. त्यातली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिली आहे. आपल्या इतिहासाच्या सरांनी तर ती 'हमखास येणारा प्रश्न' म्हणून चौकटीत लिहून दिली होती. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे. कारकुनी वाटते, म्हणून कोणत्याही चौकटीत ती आली नाही. गावच्या शाळेवर डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा काही म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. तपासणी निदान दर तिमाहीला व्हावी, जमल्यास त्याहून जास्त वेळा. आणि काही भेटी न कळवता व्हाव्यात, असं फुल्यांनी त्यात मांडलं आहे.

ही मागणी मला अलीकडे वाचनात सापडली आणि सोडवेना. कारण सोपं आहे. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दरवर्षी सहा महिन्यांनी माझा 'मिड-इयर रिव्ह्यू' होतो. वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं लिहायची, मध्यावर ती कुठवर आली ते सांगायचं. हा प्रकार अमेरिकेतल्या कंपन्यांनी शोधला असं आमच्याकडे सगळे गृहीत धरून चालतात. पीटर ड्रकरने १९५४ साली उद्दिष्टांवर आधारित व्यवस्थापनाची कल्पना मांडली, तिथून त्याचा वंश सांगितला जातो. शिक्षकांचं काम वर्षाच्या मध्यावर तपासावं का, कोणी आणि कशासाठी, हा वाद मात्र त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच इलाख्यात रंगला होता. आपल्या बॅचमधले पाच जण आज शिक्षक आहेत आणि ज्यांनी आपल्याला शिकवलं ते सर आणि बाईही ही स्मरणिका वाचणार आहेत. म्हणून आठवणींऐवजी हा इतिहास लिहिते आहे. संपादक मंडळाने चालवून घ्यावं.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. १८६२ साली तिथे 'रिव्हाइज्ड कोड' लागू झाला. रॉबर्ट लो हे त्याचे कर्ते. शाळांना सरकारी पैसा मिळतो, तर त्याचं फळ मोजून घेतलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. हिशेब असा होता: सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग, आणि वर्षात २०० वेळा हजर राहिलेल्या मुलाने वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्हींत इन्स्पेक्टरसमोर परीक्षा दिली तर आणखी ८ शिलिंग. एका विषयात नापास झाला की २ शिलिंग ८ पेन्स कापले. वर्षातून एक दिवस इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाला उभं करणार, आणि त्या दिवसाच्या उत्तरांवर शाळेचं आणि बहुतेक ठिकाणी मास्तरच्या पगाराचंही वर्षभराचं भवितव्य ठरणार. यालाच 'निकालावर अनुदान' म्हणत.

एखाद्या इंजिनिअरला हे गणित दाखवा, पुढे काय होणार हे तो लगेच सांगेल. जे मोजाल तेच वाढेल, आणि जे मोजणार नाही ते सुकेल. भूगोल, इतिहास, विज्ञान यांना पैसे नव्हते, तेव्हा ते मागे पडले. वाचनाचं पुस्तक मुलांकडून इतकं पाठ करून घेत, की पुस्तक उलटं धरलं तरी पोरगं धडधडा 'वाचून' दाखवी, असे किस्से त्या काळाबद्दल सांगतात. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी पस्तीस वर्षं शाळा इन्स्पेक्टर होते. स्वतः या यंत्राचा भाग असूनही त्यांनी पहिल्यापासून या पद्धतीवर टीका केली. शिकवणं यांत्रिक झालं आणि शाळांमधलं चैतन्य उतरलं, हे त्यांच्या अहवालांतलं सूत्र होतं. आपल्या खात्याविरुद्ध लिहूनही ते नोकरीत टिकले, याचं मला जास्त कौतुक वाटतं. तरीही ही पद्धत तिथे मोडीत निघायला शतकाचं शेवटचं दशक उजाडलं.

आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचं तत्त्व आणलं आणि पाठोपाठ इलाख्याइलाख्यांत शिक्षण खाती सुरू झाली. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यानेही अनुदानासाठी निकालाचीच मोजपट्टी उचलली. इंग्लंडात जे कापडाच्या गिरण्यांशेजारच्या शाळांसाठी शिवलं होतं, ते माप तसंच इथे आलं. 'डिपोटीसाहेब' हा शब्द मराठीत रुजला तो याच सुमारास. डिपोटी येणार म्हणून शाळा सारवायची, मुलांना धुतलेले कपडे घालायचे, हुशार पोरांना पुढे बसवायचं. आपल्या वेळी विस्तार अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी वर्गात तक्ते लागायचे आणि एरवी कुलपात असलेली पृथ्वीगोलाची पेटी बाहेर यायची, ती याच घराण्यातली.

आता फुल्यांकडे परत. हे निवेदन वाचताना आपल्या सोयीचा फुले शोधायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. निकालाशी पैसा जोडू नये, असं ते म्हणत नाहीत. उलट, ज्या गावच्या शाळामास्तराची पुष्कळ मुलं उत्तीर्ण होतील त्याला पगाराशिवाय काही विशेष भत्ता द्यावा, असंच त्यांनी सुचवलं आहे. पण त्याआधी त्यांनी पगाराचा प्रश्न घेतला आहे. मास्तराला किमान १२ रुपये मिळावेत, मोठ्या गावी १५ ते २०. मास्तर शेतकरी समाजातून यावेत, नांगराला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायची ज्यांना लाज वाटत नाही असे. शाळेत मोडी आणि बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही असावं. आणि मग तपासणी.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लो यांच्या हिशेबात मास्तरला जो धाक आहे तो कपातीचा, आणि तपासणी वर्षाअखेरीची. फुल्यांच्या मांडणीत पायाचा पगार ठरलेला आहे, निकालाचं बक्षीस त्याच्या वर आहे, आणि तपासणी वर्षभर विखुरलेली आहे. वर्षाच्या शेवटी आलेला तपासनीस निकाल तेवढा सांगू शकतो. वर्षाच्या मध्यावर आलेल्याला काहीतरी बदलता येतं. लोकल फंडाचा पैसा शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे फुल्यांचं मूळ दुखणं. तेव्हा न कळवता शाळेत जा, म्हणजे पटावरची मुलं खरंच वर्गात आहेत का ते दिसेल, असा या मागणीचा अर्थ मी लावते.

आयोगाने काय केलं? १८८३ च्या अहवालात प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी निकालावरच ठेवली; मागास भागांतल्या आणि विशेष परिस्थितीतल्या शाळांना अपवाद करता येईल, एवढी फट ठेवली. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात, परीक्षेचं आणि निकालावरच्या अनुदानाचं हे ओझं सरकारनेच दोषास्पद ठरवलं. तोवर चाळीस वर्षं गेली होती.

पुढचा मोठा टप्पा मी भराभर ओलांडते, कारण त्यातला बराचसा आपण स्वतः जगलो आहोत. घटक चाचणी, सहामाही, पुन्हा घटक चाचणी, वार्षिक. सहामाहीचे पेपर दिवाळीच्या सुटीनंतर मिळायचे, त्यामुळे फराळाची चव थोडी कमी व्हायची. प्रगतिपुस्तकावर शेऱ्याची एक अरुंद रेघ असे. 'प्रगती समाधानकारक', 'गणिताकडे लक्ष द्यावे', 'अक्षर सुधारावे'. साठ मुलांच्या वर्गात बाई साठ शेरे लिहीत, आणि तेव्हा मला वाटायचं की त्या कशाही लिहितात. आता माझ्या टीममधल्या नऊ जणांचे शेरे लिहिताना माझी दोन रविवारांची वाट लागते. शिक्षकांचंही मूल्यमापन होई, पण आपल्याला ते दिसत नसे. टाचणवहीवर मुख्याध्यापकांची सही, शेरेबुकात तपासनिसांचे शेरे, आणि १९८१ च्या नियमावलीप्रमाणे खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. कल्पना उत्तम होती. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार आणि संकलिताला ३०. वरच्या वर्गांत हे प्रमाण बदलत जाऊन सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे लहान मुलाचं रोजचं काम बघा, एका दिवसाचा पेपर नको. प्रत्यक्षात त्याच्या वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने बाजारात विकायला आले. जिथे नोंद तपासली जाते आणि मूल तपासलं जात नाही, तिथे नोंदीच सुधारतात. पुढे २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, २०२१ मध्ये केंद्राचं 'निपुण भारत'. आता सुरुवातीला पायाभूत चाचणी, मध्यावर संकलित चाचणी एक, शेवटी दोन, आणि गुण ऑनलाइन भरायचे. माझ्या धंद्यातली भाषा शाळेत पूर्ण उतरली आहे.

अमेरिकेचं उदाहरण एवढ्यासाठीच देते की तिथे हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणात झाला. डेन्व्हर शहरात १९९९ पासून शिक्षकांनी वर्षारंभी मुख्याध्यापकांशी बसून वर्गाची प्रगतीची उद्दिष्टं ठरवायची, आणि ती गाठली तर जादा पैसे, असा प्रयोग सुरू झाला. २००५ साली तिथल्या मतदारांनी त्याच्या मोठ्या आवृत्तीसाठी कर मंजूर केला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच शहरातले शिक्षक संपावर गेले. पायाचा पगार भरवशाचा हवा, दरवर्षी बदलणारे बोनस नकोत, हे त्यांचं मुख्य म्हणणं. फुल्यांचे १२ रुपये मला तिथे आठवले.

या सगळ्या इतिहासामागे मी लागले ती आपल्या मैत्रिणीमुळे. ती मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये तिचा आढावा होता आणि तिने मला तिची एक्सेल शीट 'जरा नीट करून दे' म्हणून पाठवली. चौथीचा वर्ग, पट ३१. जूनमधलं उद्दिष्ट: २५ मुलं परिच्छेद वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देतील. सूत्रं टाकायला मला दहा मिनिटं लागली. मग मी तिला विचारलं, शेवटच्या नऊ ओळी रिकाम्या का? ती म्हणाली, "अगं, ती ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की टोळ्या हलतात. चार गेलीत, पाच दिवाळीनंतर जातील. मार्च-एप्रिलमध्ये परत."

म्हणजे मध्यावरचा आढावा नेमका त्या आठवड्यांत, जेव्हा वर्गच अर्धवट होतो. नऊ नावं काढून टाकली तर टक्केवारी झकास दिसते. ठेवली तर बाई नापास दिसतात. रॉबर्ट लो यांनी हा प्रश्न २०० हजेऱ्यांच्या अटीने सोडवला होता: जे मूल येत नाही ते परीक्षेच्या मोजणीतच नाही. अशा मुलावर मास्तरने वेळ का घालवावा, याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हतं.

आमचं तासभर बोलणं झालं. तिची तयारी तिने स्वतःच ठरवली, मी टाइप करत गेले. एकच टक्केवारी न देता तिने वर्गाचे तीन गट केले. जी मुलं उद्दिष्टाला पोचली त्यांची फक्त संख्या. जी सात अडली आहेत त्यांच्यातलं प्रत्येक मूल नेमकं कुठे अडतं त्याची एक ओळ: जोडाक्षरं, किंवा वाचतं पण अर्थ लागत नाही, किंवा एकाला फळाच दिसत नाही, चष्मा हवा. आणि त्या नऊ जणांची वेगळी यादी: कोणाला हंगामी वसतिगृहात ठेवता येईल, कोणाची आजी घरी आहे, कोण भावंडं सांभाळायला आईबरोबर जाणारच. जूनमधला त्यांचा वाचनाचा स्तर आणि जाण्याच्या दिवशीचा स्तर, दोन्ही. शेवटी एक ओळ: मला काय हवं आहे. वसतिगृहाची मंजुरी दिवाळीआधी.

केंद्रप्रमुखांनी शीट पाहिली आणि टक्केवारीचा रकाना कुठे आहे असं विचारलं. तिने तो शेवटच्या पानावर दाखवला, सगळी ३१ मुलं धरून. त्यांनी तो वहीत उतरवला. मग मागची पानं वाचली. वसतिगृह सुरू झालं, पण डिसेंबरमध्ये. नवातली तीन मुलं गावात राहिली. बाकीची सहा गेली, पैकी चार एप्रिलमध्ये परत आली. त्यातली एक मुलगी टोळीवर असताना तिने दिलेलं गोष्टीचं पुस्तक फाटेपर्यंत वाचून आली. दोघांचा अजून पत्ता नाही.

आपल्या शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जुनी शेरेबुकं अजून असतील. मुख्याध्यापकांना विनंती आहे की मेळाव्याच्या दिवशी ती एका टेबलावर मांडावीत. १९९० नंतरची आम्हाला वाचता येतील. त्याआधीची सरांकडून आणि बाईंकडून समजून घेऊ: कोण आलं होतं, काय विचारलं, आणि तो माणूस गेल्यावर वर्गात काय बदललं.