सांगाडा आपला, इंजिन परके : ‘मारुत’पासून ‘तेजस’पर्यंत

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर भारतीय वायुसेनेने मिग-२१ विमानांना निरोप दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने सार्वजनिक उड्डाण केले. ओझरचा हा कारखाना १९६४ साली मुळात मिग-२१च्या उत्पादनासाठी उभारला गेला होता. त्यामुळे परवान्यावर परकी विमाने जुळवणारा देश आता त्याच जागी स्वतःची विमाने घडवू लागला, असा या घटनेचा अर्थ लावला गेला. तो बऱ्याच अंशी खराही आहे.

मात्र तेजसच्या पोटातील इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. ऑगस्ट २०२१मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे ‘हाल’ने, एफ-४०४ जातीच्या ९९ इंजिनांची मागणी नोंदवली. काही वर्षे बंद पडलेली उत्पादनसाखळी पुन्हा सुरू करून त्यांतले पहिले इंजिन हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. तोवर विमानांचे सांगाडे तयार होत होते आणि इंजिनांची वाट पाहत होते.

भारतीय विमाननिर्मितीच्या इतिहासात ही वाट पाहण्याची पहिलीच वेळ नव्हे. आशियातील पहिल्या स्वनातीत लढाऊ विमानांपैकी एक ज्या देशाने १९६१ साली उडवले, त्याला चौसष्ट वर्षांनंतरही लढाऊ विमानाचे इंजिन बाहेरून का आणावे लागते? दफ्तरदिरंगाई आणि परकीयांची अडवणूक ही नेहमीची दोन उत्तरे. दोन्हींत तथ्य आहे, पण खरे कारण इंजिनाच्या भौतिकीत आणि ते घडवणाऱ्या संस्थांच्या खंडित इतिहासात आहे.

वालचंद, घाटगे आणि कुर्ट टांक

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना सुरू केला. तीच पुढे ‘हाल’ झाली. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आलेले विष्णु माधव घाटगे हे या संस्थेच्या आरंभीच्या अभिकल्पकांतले अग्रणी. त्यांच्या चमूने घडवलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. त्याचा आराखडा संपूर्णपणे भारतीय होता. इंजिन ब्रिटिश होते. त्या काळी हे कोणाला खटकले नाही, आणि खटकण्याचे कारणही नव्हते. कोणत्याही नव्या विमानउद्योगाची सुरुवात अशीच होते.

१९५६ साली, दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ विमानांचे अभिकल्पक कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे झेपावणारे लढाऊ विमान उभे करणे, हे त्यांच्यापुढचे काम होते. आधी पूर्ण आकाराचा लाकडी ग्लायडर करून त्यावर उड्डाणगुण तपासले गेले. मग १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ ‘मारुत’चे पहिले उड्डाण केले.

मारुतचा आराखडा ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाची एक सुधारित, आफ्टरबर्नर असलेली आवृत्ती गृहीत धरून केलेला होता. ती प्रत्येकी सुमारे ३६ किलोन्यूटन रेटा देणार होती. परंतु ब्रिटनला स्वतःसाठी त्या आवृत्तीची गरज उरली नाही. उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला. भारताने तो नाकारला. अखेर मारुतमध्ये आफ्टरबर्नर नसलेली साधी ऑर्फियस इंजिने बसवावी लागली. त्यांचा रेटा प्रत्येकी सुमारे २२ किलोन्यूटन. दुप्पट ध्वनिवेगासाठी आखलेले विमान ध्वनीच्या वेगाशीच जेमतेम पोहोचू लागले.

हेलवानचा प्रयोग

याच सुमारास इजिप्तमध्ये नेमकी उलटी परिस्थिती होती. कैरोच्या दक्षिणेकडील हेलवान येथे ऑस्ट्रियाचे अभियंते फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० नावाचे जेट इंजिन विकसित करीत होते. महायुद्धानंतर रशियात अडकलेल्या जर्मन तंत्रज्ञांसमवेत त्यांनी तिथल्या प्रचंड टर्बोप्रॉप इंजिनावर काम केले होते. इजिप्तचे स्वतःचे लढाऊ विमान एचए-३०० हेही विली मेसरश्मिट यांच्या देखरेखीखाली तिथेच आकार घेत होते, पण इंजिन तयार नसल्यामुळे ७ मार्च १९६४ रोजी ते ऑर्फियसवरच उडाले. ते पहिले उड्डाण करणारे वैमानिक भारतीय वायुसेनेचे कपिल भार्गव होते.

भारताला इंजिन हवे होते आणि इजिप्तला चाचणीसाठी विमान. म्हणून एक मारुत इजिप्तला पाठवले गेले. त्याच्या एका बाजूला ऑर्फियस आणि दुसऱ्या बाजूला ई-३०० बसवून १९६७ पासून चाचण्या झाल्या. वसाहतींच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या दोन देशांनी महासत्तांना वगळून जेट इंजिन उभे करण्याचा हा प्रयत्न आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. १९६७च्या युद्धातील पराभवानंतर इजिप्तची आर्थिक स्थिती खालावली आणि १९६९ साली तो कार्यक्रम बंद पडला. मारुतचा आणखी एक मार्ग मिटला.

उरला तो घरचा मार्ग. बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने, म्हणजे जीटीआरईने, ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचे काम हाती घेतले. १० जानेवारी १९७० रोजी असे इंजिन असलेल्या मारुतची चाचणी घेताना अपघात झाला आणि सुरंजन दास मृत्युमुखी पडले.

एकूण १४७ मारुत विमाने बांधली गेली. १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी जमिनीवरील लक्ष्यांविरुद्ध चांगली कामगिरी केली. सांगाडा भक्कम असल्याचे तिथे सिद्ध झाले. पण मारुतनंतर नव्या लढाऊ विमानाचा राष्ट्रीय प्रकल्प मंजूर व्हायला १९८३ साल यावे लागले. दरम्यान मारुतवर हात बसलेली पिढी निवृत्त होत गेली. तिने चुकांतून मिळवलेले शहाणपण पुढच्यांकडे सोपवायला मध्ये दुसरे विमानच नव्हते.

लाल तापलेले पाते

इंजिन इतके अवघड का, हे एका लहानशा गणिताने कळते. जेट इंजिनात हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतो. समजा, एक पाते १०० ग्रॅमचे आहे, ते अक्षापासून ३० सेंटिमीटर अंतरावर आहे आणि मिनिटाला १५,००० फेरे घेते. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, या सूत्राने त्याचे केंद्रगामी त्वरण गुरुत्व-त्वरणाच्या सुमारे ७५,००० पट येते. म्हणजे १०० ग्रॅमचे पाते आपल्या मुळावर साडेसात टन वजनाएवढा ताण देते.

हा ताण पेलताना पाते ज्या वायूत बुडालेले असते त्याचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. पाते ज्या निकेल मिश्रधातूचे असते तो सुमारे १,३५० अंशांना वितळू लागतो. तरीही ते वितळत नाही, कारण त्याच्या आतून तुलनेने थंड हवा खेळवली जाते आणि पृष्ठभागावरील बारीक छिद्रांतून ती बाहेर पडून पात्याभोवती पातळ थर धरते. आतील वळणदार मार्ग ओतकामातच साधावे लागतात.

आणखी एक शत्रू असतो. तापलेला धातू सततच्या ताणाखाली अगदी सावकाश लांबत जातो; याला क्रीप म्हणतात. साधा धातू असंख्य लहान स्फटिककणांचा बनलेला असतो आणि उच्च तापमानाला अणू या कणांच्या सीमांवरून सहज सरकतात. म्हणून सीमाच नाहीशा करायच्या, संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे वाढवायचे, हा उपाय अमेरिकेत १९६०च्या दशकात आकाराला आला. साचा भट्टीतून किती वेगाने खाली घ्यायचा, मिश्रधातूत रेनियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्य किती मिसळायचे, या गोष्टी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. हजारो पाती वाया घालवूनच त्या हाती येतात.

परवाना उत्पादनाची मर्यादा इथे स्पष्ट होते. ‘हाल’ने बंगळूरला ऑर्फियस इंजिने बनवली, ओडिशातील कोरापुट येथे मिग-२१ची आणि पुढे सुखोई-३०ची इंजिने बनवली. परवान्यासोबत आराखडे येतात, यंत्रे येतात, मापे येतात. अमुक माप तेवढेच का, हे मात्र येत नाही. त्या ‘का’मागे मूळ कंपनीच्या फुटलेल्या इंजिनांचा इतिहास असतो, आणि तो विकाऊ नसतो.

कावेरी आणि उड्डाणनियंत्रण : दोन वेगळी फळे

मार्च १९८९मध्ये तेजससाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प मंजूर झाला. खर्चाचा अंदाज ३८३ कोटी रुपयांचा आणि मुदत आठ वर्षांच्या आत होती. अपेक्षित रेटा ८१ किलोन्यूटन होता. प्रत्यक्षात तो सुमारे ७० पर्यंत गेला. वजन १,१०० किलोग्रॅम अपेक्षित होते. ते १,२३५ भरले. २००८ साली कावेरीला तेजसपासून वेगळे करण्यात आले. उंचावरील परिस्थितीत इंजिन तपासण्याची सोय देशात नसल्याने ते रशियाला न्यावे लागे. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोजवळ एका आयएल-७६ मालवाहू विमानाला जोडून कावेरी प्रथमच आकाशात चालवले गेले.

याच तेजसच्या दुसऱ्या एका अंगाची कथा वेगळी आहे. हे विमान मुद्दाम अस्थिर घडवलेले आहे. संगणकाने क्षणोक्षणी सावरले नाही तर ते उडू शकत नाही. त्याच्या उड्डाणनियंत्रणाचे काम अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने चालले होते. मे १९९८मधील पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले, भारतीय अभियंत्यांना मायदेशी परतावे लागले आणि त्यांची सामग्री तिथेच अडकली. बंगळूरच्या चमूने नियंत्रणाचे नियम स्वतः पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजसचे पहिले उड्डाण केले.

तोच देश, तोच काळ, तेच निर्बंध; मग एक काम सिद्धीस गेले आणि दुसरे अडले, असे का? नियंत्रणाचे नियम गणितात मांडता येतात. चूक सापडली तर ती दुरुस्त करून त्याच दिवशी जमिनीवरील प्रतिरूपावर पुन्हा तपासता येते. पात्यातील चूक सापडायला शेकडो तास इंजिन चालवावे लागते. ते फुटले तर मिश्रधातू, साचा, ओतकाम आणि जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि त्यात महिने जातात. शिकण्याचा वेग हा चूक करून सुधारण्याच्या फेऱ्यांवर ठरतो. जिथे फेरी स्वस्त होती तिथे भारतीय अभियंते लवकर शिकले. इंजिनाच्या बाबतीत फेऱ्या महाग होत्या, चाचणीकेंद्रे परदेशी होती आणि पैसा तुटपुंजा.

हा केवळ भारताचा अनुभव नाही. चीनचे जे-१० हे विमान आरंभी रशियन इंजिनावर उडत होते. स्वतःचे तैहांग इंजिन विश्वासार्ह करण्यात चीनची अनेक वर्षे गेली, आणि त्याने ती सातत्याने खर्ची घातली. दक्षिण कोरियाचे केएफ-२१ आणि तुर्कस्तानचे कान या विमानांनाही अमेरिकी इंजिनेच बसवली आहेत.

आज

चित्र अगदीच निराशाजनक नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने २०२१ साली हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिक पात्यांचा एक संच, ६० पाती, ‘हाल’ला दिला. आफ्टरबर्नर काढलेले कावेरी मानवरहित विमानासाठी तयार केले जात आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संरक्षणमंत्र्यांनी पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसोबत भारतातच इंजिन घडवण्याचा मनोदय जाहीर केला.

अशा कराराची बातमी येईल तेव्हा त्यात कोटींचे आकडे ठळक असतील. वाचकाने त्याखाली दोन गोष्टी शोधाव्यात. इंजिन उंचावरील विरळ हवेत तपासण्याची सोय भारतात उभी राहणार आहे का? आणि जी पाती फुटतील त्यांचे विश्लेषण भारतीय धातुशास्त्रज्ञांच्या मेजावर होणार आहे का? मारुतच्या वेळी भारताने सुधारित ऑर्फियसच्या विकासाचा खर्च नाकारला आणि त्यासोबत त्या इंजिनाच्या चुकांतून शिकण्याची संधीही दुसरीकडे गेली. त्या निर्णयाने वाचलेल्या पैशांची किंमत ओझरमध्ये इंजिनाची वाट पाहणाऱ्या सांगाड्यांनी आजही चुकवली आहे.