चूक कोणाची? मॅक्रोचा इतिहास काय सांगतो

संगणक चूक दाखवतो तेव्हा तो नेमक्या चुकणाऱ्याकडेच बोट दाखवतो, असा आपला समज असतो. मॅक्रोच्या इतिहासाने हा समज खोटा ठरवला आहे. मॅक्रो म्हणजे थोडे लिहून जास्त करून घेण्याची सोय. प्रोग्रामर एक ओळ लिहितो. कंपायलर तिच्या जागी दुसराच मजकूर बसवतो. चूक त्या मजकुरात निघते आणि जाब मात्र तो मजकूर कधी न पाहिलेल्या माणसाला विचारला जातो.

१९६३ साली एमआयटीत टिमथी हार्ट यांनी लिस्प भाषेसाठी मॅक्रोचा प्रस्ताव मांडला. पुढे १९७० च्या दशकात सी भाषेतही मॅक्रो आले, पण तिथे ते केवळ शब्दांच्या जागी शब्द ठेवतात. ‘वर्ग(क)’ म्हणजे ‘क × क’ अशी व्याख्या करा आणि ‘वर्ग(२ + ३)’ लिहा. तयार होते २ + ३ × २ + ३, म्हणजे २५ ऐवजी ११. कंपायलर तक्रार करत नाही. त्याच्या लेखी सारे नियमात आहे. म्हणून कंस घालण्याची शिस्त आणि विस्तारलेला मजकूर काढून वाचण्याची सवय रुजली.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. मॅक्रोच्या आतले तात्पुरते नाव आणि वापरणाऱ्याचे नाव एकच निघाले, की एकाची किंमत दुसऱ्यात मिसळते. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसेन आणि ड्यूबा यांनी यावर ‘हायजीन’चा मार्ग दाखवला: कोणते नाव कुठून आले याची खूण विस्तार करतानाच ठेवायची. मग नावे सारखी असली तरी ती वेगळी ओळखता येतात.

तरीही चुकीचा संदेश कळेल अशा भाषेत यायला बराच काळ गेला. क्लँग कंपायलर चुकीसोबत ती कोणत्या मॅक्रोतून आली हेही सांगू लागला. २०१० साली रायन कल्पेपर आणि फेलायसेन यांनी रॅकेट भाषेत मॅक्रोलाच आपली अपेक्षा आधी स्पष्ट सांगता येईल अशी सोय मांडली. वापर चुकला, तर आतल्या गुंत्याऐवजी वापरणाऱ्याने लिहिलेल्या ओळीबद्दलच संदेश येतो.

या साऱ्या प्रवासाचे सार एवढेच की, सोय निर्माण करणाऱ्यावर तिच्या चुकांचा खुलासा करण्याची जबाबदारीही येते. अन्यथा शिकाऊ मुलगा परक्याच्या चुकीसाठी रात्रभर स्वतःलाच दोष देत बसतो.