आपत्ती व्यवस्थापनातील अवकाश तंत्रज्ञान प्रशिक्षण

आपत्ती व्यवस्थापनातील अवकाश तंत्रज्ञान प्रशिक्षण म्हणजे पूर, चक्रीवादळ, दरड, भूकंप, दुष्काळ, वणवा अशा आपत्तींच्या वेळी उपग्रह प्रतिमा आणि जमिनीवरील मापन व संपर्क साधने यांचा उपयोग कसा करावा, याचे शासकीय अधिकाऱ्यांना दिले जाणारे शिक्षण होय. भारतात हे प्रशिक्षण मुख्यतः भारतीय अंतराळ संशोधन संस्था म्हणजेच इस्रोच्या अखत्यारीतील केंद्रे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था आणि राज्यांच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्था यांच्यामार्फत दिले जाते. जिल्हाधिकारी, उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी, जलसंपदा, वन व कृषी विभागांतील अभियंते आणि अधिकारी तसेच पोलीस व अग्निशमन दलांतील अधिकारी हे त्याचे प्रमुख लाभार्थी आहेत.

या प्रशिक्षणाचे दोन स्तर पडतात. प्रतिमांवर प्रक्रिया करून नकाशे तयार करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी काही दिवसांचे वर्ग असतात. दुसरा स्तर सोपा वाटत असला, तरी प्रत्यक्षात तोच अधिक नाजूक आहे. अधिकाऱ्याला नकाशा तयार करायचा नसतो. समोर आलेला नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही आणि तो किती वाजताचा आहे, हे ओळखून गाव हलवायचे की नाही हे त्याला ठरवायचे असते.

पार्श्वभूमी

भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था त्याहून जुनी आहे. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचे वाचन शिकवण्यासाठी १९६६ साली नेदरलँड्सच्या सहकार्याने तिची स्थापना झाली होती. त्या काळात तिच्या प्रशिक्षणाचा भर वने, माती, भूशास्त्र यांच्या सर्वेक्षणावर होता. आपत्ती हा स्वतंत्र विषय म्हणून नंतर पुढे आला.

त्याला कारण ठरल्या लागोपाठच्या मोठ्या दुर्घटना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळातही मृतांची संख्या सुमारे तितकीच होती. पुढे २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी यांनी देशभर हाहाकार उडवला. त्यानंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत केला. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद दिले आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे प्रशिक्षण व संशोधनाची वैधानिक जबाबदारी सोपवली. साहजिकच जिल्हाधिकाऱ्याने उपग्रह नकाशा वाचणे हा हौसेचा विषय न राहता कर्तव्याचा भाग झाला.

ओडिशातील बदल या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १९९९ मध्ये वादळ येत असल्याचे हवामान विभागाला माहीत होते, पण इशारा गावागावांत पोहोचवणारी आणि लोकांना हलवणारी यंत्रणा पुरेशी नव्हती. मे २०१९ मध्ये फणी चक्रीवादळाच्या आधी त्याच राज्याने सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित जागी नेले आणि राज्यातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या वीस वर्षांत उपग्रह आणि हवामानाची प्रारूपे सुधारली हे खरे, मात्र निवारागृहे, स्थानिक स्वयंसेवक आणि इशाऱ्याचा अर्थ जाणणारे गट व तालुका पातळीवरील कर्मचारी यांचा वाटाही तेवढाच मोठा आहे.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्था

हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र इस्रोच्या आपत्ती व्यवस्थापन साहाय्य कार्यक्रमाचे मुख्य ठाणे आहे. पूरग्रस्त क्षेत्राचे नकाशे येथून संबंधित राज्यांकडे जातात. २००९ साली सुरू झालेले भुवन हे संकेतस्थळ आणि आणीबाणी व्यवस्थापनाचा राष्ट्रीय माहितीसंच यांचा वापर हा येथील वर्गांचा नेहमीचा भाग असतो. डेहराडूनची संस्था २००७ पासून दूरशिक्षणाद्वारेही अभ्यासक्रम चालवते. त्यामुळे प्रशिक्षणाची व्याप्ती निवडक अधिकाऱ्यांपुरती राहिली नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेले आशिया-प्रशांत विभागाचे अवकाश विज्ञान शिक्षण केंद्र १९९५ पासून डेहराडूनमध्येच असून तेथे शेजारी देशांतील अधिकारीही शिकतात. ईशान्य भारतासाठी मेघालयातील उमियम येथे ईशान्य अवकाश उपयोजन केंद्र आहे. आसामसाठी पूर्वसूचना प्रणाली चालवणारे हे केंद्र पावसाचा अंदाज आणि नदीखोऱ्याचे प्रारूप यांची सांगड घालून जिल्ह्यांना पुराची सूचना देते. त्सुनामीच्या इशाऱ्याचे काम हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे २००७ पासून आहे.

महाराष्ट्रात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी प्रामुख्याने पुण्याच्या यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीकडे, म्हणजेच यशदाकडे आहे. नकाशे व भौगोलिक माहिती प्रणालीचे तांत्रिक पाठबळ नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र पुरवते. बचावकार्याच्या प्रशिक्षणाची नागपूरची परंपरा याहून जुनी असून तेथील राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले होते.

उपग्रह प्रतिमांचे वाचन

भारतातील बहुतेक पूर पावसाळ्यात येतात आणि पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते. दृश्य प्रकाशात चित्र घेणारे उपग्रह अशा वेळी ढगच दाखवतात. म्हणून पूरनकाशांसाठी रडार उपग्रहांवर भिस्त असते. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही काम करतात. संथ पाणी आरशासारखे वागते. त्यावर तिरकस पडलेली लहर उपग्रहाकडे न परतता दुसरीकडे निघून जाते, म्हणून प्रतिमेत पाणी काळे दिसते. भारताचे रिसॅट-१ (२०१२) आणि ईओएस-०४ (२०२२) हे उपग्रह याच पद्धतीचे आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळत असल्याने सरावासाठी त्या विशेष सोयीच्या ठरतात.

मात्र ‘काळे म्हणजे पाणी’ हा नियम जसाच्या तसा लावल्यास फसगत होते. वर्गाचा मोठा वेळ या फसगती ओळखण्यात जातो. चिखलणी केलेली भातखाचरे पुराच्या पाण्यासारखीच काळी दिसतात. सह्याद्रीसारख्या डोंगराळ भागात कड्यांची रडारछाया काळी पडते आणि नवख्या वाचकाला तिथे तलाव असल्याचा भास होतो. वाऱ्याने पाणी खवळले तर ते उजळ दिसू लागते. सर्वांत घातक चूक शहरांबाबत होते. तुंबलेल्या रस्त्यावरून आणि इमारतीच्या भिंतीवरून लहर दोनदा परावर्तित होऊन उपग्रहाकडे परत येते. परिणामी बुडालेली वस्ती उजळ दिसते आणि नकाशावर ती कोरडी धरली जाण्याची शक्यता असते. म्हणजे जिथे माणसे सर्वाधिक, तिथेच नकाशा सर्वांत कमी भरवशाचा.

दुसरी गोष्ट वेळेची. उपग्रह ठरलेल्या कक्षेत ठरलेल्या वेळीच येतो. पहाटे सहाच्या प्रतिमेवरून तयार झालेला नकाशा दुपारी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचेपर्यंत नदी कितीतरी चढलेली किंवा उतरलेली असू शकते. त्यामुळे नकाशाच्या कोपऱ्यातील प्रतिमा घेतल्याची तारीख आणि वेळ प्रथम वाचावी, असे प्रशिक्षणार्थींना सांगितले जाते.

मोठ्या आपत्तीत परदेशी उपग्रहांचीही मदत घेता येते. अवकाश आणि मोठ्या आपत्ती यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सनदेत इस्रो २००१ साली सामील झाली. सनदेचे सदस्य आपापल्या उपग्रहांच्या प्रतिमा आपत्तीग्रस्त देशाला विनामूल्य देतात. जिल्ह्याला मात्र ही सनद थेट लागू करून घेता येत नाही. विनंती अधिकृत संस्थेमार्फतच जावी लागते आणि हा मार्ग आधीच ठाऊक नसेल तर मोलाचे तास वाया जातात.

भूस्थित साधने

उपग्रह पाण्याचा विस्तार दाखवतो, खोली दाखवत नाही. खोलीसाठी नदीवरील पातळीमापक आणि जमिनीच्या उंचीचे अंकीय प्रारूप लागते. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ, तर कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ फुटांत मोजली जाते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आणि राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. हे फूट त्या त्या मापकाच्या शून्यापासूनचे असतात. उलट उंचीच्या प्रारूपातील आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात. दोन्हींचा मेळ घातल्याशिवाय ‘पाणी आणखी दोन फूट चढले तर कोणती गल्ली बुडेल’ या प्रश्नाचे उत्तर नकाशा देऊ शकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या प्रश्नाची निकड साऱ्या कृष्णाकाठाने अनुभवली.

पर्जन्यमापकांचे महत्त्व शिकवण्यासाठी २६ जुलै २००५ च्या मुंबईइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. त्या दिवशीच्या चोवीस तासांच्या नोंदीत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. एका ठिकाणच्या मापकावर विसंबणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणचा प्रलय कळला नसता. या घटनेनंतर मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे आणि डॉप्लर रडार उभे राहिले व २०२० साली पुराच्या पूर्वसूचनेची एकात्मिक प्रणाली कार्यान्वित झाली. भूस्थिर कक्षेतील इन्सॅट मालिकेचे उपग्रह ढगांचा विस्तार सतत दाखवत असतात, पण कोणत्या वस्तीवर आता किती पाऊस कोसळतो आहे हे जाणून घेण्यासाठी रडार आणि जमिनीवरील मापक यांच्याशी पडताळा घ्यावा लागतो.

याखेरीज भूकंपमापक, उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची उपकरणे, ड्रोन, बिनतारी संच, हॅम रेडिओ आणि उपग्रह दूरध्वनी यांची ओळख करून दिली जाते. मोबाईलचे मनोरे बंद पडल्यावर शेवटची तीन साधने उपयोगी येतात.

ऋषीगंगेचे उदाहरण

उपग्रह आणि भूस्थित तंत्र यांच्या परस्परपूरकतेचे उत्तम उदाहरण म्हणजे उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेली दुर्घटना. ऋषीगंगा आणि धौलीगंगा नद्यांना अचानक आलेल्या लोंढ्यात दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. हिमसरोवर फुटले असावे, असा प्रारंभीचा तर्क होता. उपग्रह प्रतिमांची आधी-नंतर तुलना केल्यावर रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड भाग कोसळल्याचे उघड झाले. पुढील अभ्यासात त्याचे आकारमान सुमारे २.७ कोटी घनमीटर असल्याचे निष्पन्न झाले.

त्याच प्रतिमांनी दुसरा धोकाही दाखवला. राडारोड्याने ऋषीगंगेचा प्रवाह अडून वरच्या बाजूला नवे तळे साचले होते. खाली बोगद्यात अडकलेल्यांचा शोध चालू असताना ते फुटले असते, तर बचाव पथकेच वाहून गेली असती. तळ्याची लांबी-रुंदी प्रतिमेवरून मिळाली, पण त्यात पाणी किती हे खोलीवाचून कळणार नव्हते. अखेर नौदलाच्या पाणबुड्यांना हेलिकॉप्टरमधून तेथे उतरवण्यात आले आणि त्यांनी गोठवणाऱ्या पाण्यात हाती धरायच्या ध्वनिमापकाने खोली मोजली. त्या मोजमापावरून बांधावरील दाबाचा हिशेब करता आला.

नकाशाचे प्रमाण आणि दरडी

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून सुमारे दीडशे ग्रामस्थ गाडले गेले. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाच्या दरडप्रवण क्षेत्रांचे १:५०,००० या प्रमाणावर नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २०२३ मध्ये दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. असे नकाशे धोरण ठरवण्यास उपयुक्त असले, तरी त्यांची मर्यादा समजून घ्यावी लागते. या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यात ठिपक्याएवढी उरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा त्या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले. त्यामुळे यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हे तालुका पातळीच्या प्रशिक्षणात ठसवणे आवश्यक ठरते. उतारावर पडलेल्या भेगा, तिरकी झालेली झाडे, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी ही लक्षणे तलाठी व ग्रामसेवक यांना ओळखता येणे उपग्रहाइतकेच मोलाचे आहे.

सराव

वर्गातील व्याख्यानांना जोड म्हणून रंगीत तालमी घेतल्या जातात. टेबलावरील सरावात काल्पनिक पुराची माहिती तासातासाने पुरवली जाते. त्यात जुने नकाशे, परस्परविरोधी आकडे आणि अफवा मुद्दाम मिसळलेल्या असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रसृत केलेल्या घटना प्रतिसाद प्रणालीनुसार प्रत्येकाची भूमिका ठरते. या प्रणालीचे इंग्रजी लघुरूपही आयआरएस असेच होते, त्यामुळे दूरसंवेदन उपग्रहांविषयी ऐकून आलेल्यांचा पहिल्या दिवशी गोंधळ उडू शकतो.

अडचणी

प्रशिक्षित अधिकाऱ्यांची बदली ही सर्वांत मोठी अडचण आहे. महाराष्ट्रात बदल्यांसंबंधीच्या २००५ च्या कायद्यानुसार पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. म्हणजे कोयना-कृष्णेचे पूर समजून घेतलेला अधिकारी पुढच्या पावसाळ्यात विदर्भातील दुष्काळी तालुक्यात असू शकतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे पद अनेक ठिकाणी कंत्राटी असल्याने तिथेही अनुभव साचत नाही. सहायक कर्मचारी आणि नियंत्रण कक्षातील चालक यांना प्रशिक्षणात क्वचितच स्थान मिळते, जरी रात्री दोन वाजता आलेला इशारा प्रथम त्यांच्याच हाती पडतो.

माहितीच्या ओघाचा प्रश्न यात नव्याने भर घालतो. इस्रो आणि अमेरिकेची नासा यांचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. दर बारा दिवसांनी त्याच जागी परत येऊन जमिनीची अगदी सूक्ष्म हालचालही टिपण्याची त्याची क्षमता आहे. सावकाश सरकणारे डोंगरउतार त्यामुळे कोसळण्याआधी लक्षात येऊ शकतील. मात्र दरवर्षी काही सेंटिमीटर सरकणाऱ्या उताराखालचे गाव केव्हा रिकामे करायचे, याचा ठरलेला उंबरठा कुठल्याही नियमपुस्तिकेत तयार मिळत नाही. स्थानिक भूरचना, पाऊस आणि वस्ती पाहून तो त्या त्या ठिकाणी ठरवावा लागतो.