टेलिग्राफ बेटाचा सातबारा

गेल्या हिवाळ्यात सासू-सासरे मस्कतला आले होते. किल्ला, सूक, मोठी मशीद सगळं दाखवून झालं, तेव्हा त्यांना मुसंदमला घेऊन गेलो. ओमानचा हा तुकडा मूळ देशापासून तुटलेला आहे, मध्ये अमिरातींचा मुलूख लागतो. खसब बंदरातून लाकडी गलबत निघतं आणि उंच, उघड्याबोडक्या कड्यांमधून खाडीत आत आत शिरत जातं. डॉल्फिन दिसले की सगळे एका बाजूला धावतात. पुढे एका छोट्याशा खडकाळ बेटापाशी नांगर पडतो. बेटावर पडक्या बांधकामाखेरीज काही नाही. नाव टेलिग्राफ बेट.

इथे १८६४ साली इंग्रजांनी तार ऑफिस काढलं होतं, एवढं सांगून गाइड मोकळा झाला आणि मंडळी पोहायला उतरली. सासरे मात्र बेटाकडे बघत बसले होते. त्यांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, सुरुवात तलाठी म्हणून. मला म्हणाले, "जावईबापू, तार वगैरे ठीक आहे. पण जागा कोणाची होती? सातबारा कोणाच्या नावावर?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी स्वतः केबल टाकण्याच्या धंद्यात आहे. चर खणायला महिना लागतो आणि जागेची परवानगी मिळायला वर्ष, हे रोजचं दुखणं. मग दीडशे वर्षांपूर्वी हे कसं जमवलं असेल? घरी आल्यावर वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. उठावाची बातमी लंडनला पोचायला कित्येक आठवडे लागले आणि सरकारला तारेची निकड कळली. एका खाजगी कंपनीने १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून केबल टाकली. ती बंद पडली. सरकारने मात्र भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची हमी देऊन ठेवली होती, तीही ५० वर्षांची! म्हणजे मुक्या केबलसाठी वर्षाला सुमारे ३६,००० पौंड. पुढची केबल सरकारने स्वतःच टाकायची ठरवली, आणि इराणच्या आखातातून.

ही केबल इंग्लंडमध्ये तयार झाली. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. त्यामुळे पाच शिडाची जहाजं ती घेऊन आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली, आणि तिथून आगबोटींनी ती ओढत आखातात नेली. प्रमुख होते कर्नल पॅट्रिक स्टुअर्ट. १८६४ च्या फेब्रुवारीत ग्वादरपासून सुरुवात झाली, आणि मुसंदम, बुशहर करत एप्रिलमध्ये केबल शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे पोचली.

मध्ये मुसंदमला थांबायचं कारण तांत्रिक. लांब केबलमध्ये संदेश क्षीण होत जातो. आज आपण रिपीटर बसवतो, तेव्हा तो रिपीटर म्हणजे माणूस. आलेला संदेश टिपून घ्यायचा आणि हाताने पुन्हा पुढे पाठवायचा. त्यासाठी ठाणं हवं, आणि ठाण्यासाठी जमीन.

या खाडीचं इंग्रजी नाव एल्फिन्स्टन इनलेट. हे एल्फिन्स्टन आपले मुंबईचे गव्हर्नर. पलीकडची खाडी माल्कम यांच्या नावाची, तेही मुंबईचेच गव्हर्नर. म्हणजे नकाशावर नावं मुंबईची, पण जमीन?

इथेच सगळी गंमत आहे. खाडीच्या काठाने शिहूह आणि झहुरी जमातींची वस्ती. मासेमारी, खजूर, शेळ्या. मस्कतचा सुलतान हा प्रदेश आपला म्हणायचा, पण त्याचा अंमल नावापुरता. अशा ठिकाणी भाडेपट्टा करायचा तर कोणाशी? सुलतानाला भाडं द्यावं तर त्याची मालकी मान्य केल्यासारखं होतं. जमातीच्या शेखला द्यावं तर सुलतान दुखावतो, शिवाय उद्या दुसरा शेख उभा राहतो. भाड्याची पावती म्हणजे मालकीचा पुरावा, हे आपल्याकडच्या कुठल्याही भाडेकरूला ठाऊक आहे.

त्यांनी किनारा सोडून बेट निवडलं. हल्ला झाला तर बचाव सोपा, हे त्याचं मुख्य कारण. त्याच वर्षी सुलतान थुवैनीशी करार केला, की अरबस्तानातल्या आणि मकरानमधल्या त्याच्या मुलखातून तार नेता येईल. पण मुसंदम त्या मुलखात येतं का, हा वाद तसाच राहिला. किनाऱ्यावरच्या इतर अरब शेखांकडून, जुन्या सागरी तहाला एक जादा कलम जोडून, तारेला आणि ठाण्यांना धक्का लावणार नाही असं लिहून घेतलं. त्यांच्याकडे जमीन मागितलीच नव्हती, नुसती हमी मागितली.

समोरच्या मकरान किनाऱ्यावर तर याहून मोठा गुंता. कराची ते ग्वादर तार जमिनीवरून जायची, म्हणून १८६१ मध्ये लासबेल्याच्या जामशी आणि १८६३ मध्ये कलातच्या खानाशी करार झाले, दोघांनाही वर्षाकाठी रक्कम ठरली. खुद्द ग्वादर मस्कतच्या ताब्यात, पण कलात म्हणे ते मूळ आमचं. ग्वादरच्या पश्चिमेचं चाबहारही तेव्हा मस्कतकडे. ही पश्चिमेची सगळी किनारपट्टी इराणचा शाह मात्र आपली मानायचा. इंग्रजांनी १८६४ मध्ये तिथल्या तारेसाठी सुलतानाची परवानगी घेतली, आणि १८६८ मध्ये त्याच किनाऱ्यासाठी इराणशी करार करून वर्षाला ३,००० तोमान कबूल केले. एकाच जमिनीचे दोन मालक, दोघांशीही कागद! १८७२ मध्ये इराणने चाबहार घेतलंच.

या गोंधळाचा शेवट सरहद्द आखण्यात झाला. १८७०-७१ मध्ये जे सरहद्द कमिशन नेमलं गेलं, त्याचे प्रमुख होते फ्रेडरिक गोल्डस्मिड. नुकतेच ते इंडो-युरोपियन तार खात्याचे मुख्य संचालक होते. तारेचे खांब कोणाच्या हद्दीत, हे विचारत जो माणूस वर्षानुवर्षं त्या किनाऱ्यावर हिंडला, त्यानेच पुढे हद्द आखली. आजच्या इराण-पाकिस्तान सीमेचा दक्षिण भाग त्या आखणीवरच उभा आहे. ग्वादर मात्र १९५८ पर्यंत ओमानकडेच राहिलं, मग पाकिस्तानने ते ३० लाख पौंडांना विकत घेतलं.

आणि आपलं बेट? तिथला उकाडा, एकटेपणा आणि किनाऱ्यावरच्या लोकांची भीती यांना कंटाळून १८६८ च्या डिसेंबरात ठाणं हलवलं, समोर इराणच्या बाजूच्या हेंजाम बेटावर. म्हणजे इथला मुक्काम पुरती पाच वर्षंही नाही. कर्नल स्टुअर्ट यांना तर तेवढंही पाहता आलं नाही. लंडनशी तार जुळायच्या तोंडावर, १८६५ च्या जानेवारीत ते कॉन्स्टँटिनोपलला वारले. वय ३२.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९०४ मध्ये, कर्झन व्हाइसरॉय असताना, रशियाच्या धास्तीने इंग्रजांनी मुसंदमच्या परिसरात तीन ठिकाणी ध्वजस्तंभ उभारले. त्यातला एक या बेटावर. मग सरकारातच शंका निघाली, की दुसऱ्याच्या जमिनीवर आपण खांब कुठल्या हक्काने रोवतो? दोन ठिकाणचे काढून टाकले. टेलिग्राफ बेटावरचा ठेवला, कारण तिथे पूर्वी आपला ताबा होता, असं म्हणता येत होतं. ज्या खडकाचा मालक कोण हे ठरलं नव्हतं, तिथे चार-साडेचार वर्षं तारबाबू राहिले होते, आणि तेवढ्या वास्तव्यावर ३६ वर्षांनी हक्क सांगितला गेला. आज अर्थात बेटासकट सारं मुसंदम ओमानचं आहे.

हे सगळं मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं. म्हटलं, "बाबा, मालकाचा रकाना कोरा, आणि वहिवाट इंग्रजांची."

ते म्हणाले, "मग नवीन काय सांगितलंस? अशा फायली मी जन्मभर बघितल्या. शेवटपर्यंत एकच बघायचं असतं. ज्यांच्या शेळ्या तिथे चरत होत्या, त्यांना कुणी नोटीस दिली होती का?"

कुठल्याच करारात त्यांची सही माझ्या वाचनात आली नाही.