झोयीतली बोली

रडतं पोर उगं करायला कोणी शाळेत शिकलेलं नाही. तरी कोणतीही बाई, मग ती धुळ्याच्या बाजारातली असो की सातपुड्याच्या पाड्यावरची, पोर कडेवर घेतलं की तिचा आवाज बदलतो. चढतो, लांबतो, शब्द तुटके होतात, एकच शब्द दोनदोनदा येतो. तापट म्हणून गावात नाव असलेला म्हातारासुद्धा नातू मांडीवर आला की बोबडं बोलायला लागतो. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी माणूस. पुस्तकात मला इतिहास भेटला तो राजांचा आणि लढायांचा. पण पोराशी बोलायलाही इतिहास आहे, आणि आमच्या खानदेशात तो शोधायला लांब जावं लागत नाही.

झोळीपासून सुरुवात करू. अहिराणीत आम्ही झोयी म्हणतो. जुनं मऊ लुगडं, दोन दोर आणि बांधावरचं निंबाचं झाड, एवढ्यात पाळणा तयार. कापूस वेचायच्या दिवसांत एकेका बांधावर तीन-तीन, चार-चार झोयी लटकलेल्या असायच्या. आया ओळीनं वेचत पुढे गेलेल्या, आणि झोयीपाशी सहा-सात वर्षांची मोठी बहीण बसलेली. दोरी तिच्या हातात. खरं सांगायचं तर आमच्या पिढीत अंगाई गायली ती आईपेक्षा या बहिणींनीच जास्त. आई थकून यायची आणि पोर पाजता पाजता तिचाच डोळा लागायचा. दिवसभर झोका देणं, ‘जोजो’, ‘गाई गाई’ करणं, चिऊ-काऊ दाखवणं हे काम त्या पोरींचं. माझ्या दोन बहिणी शाळेत गेल्या नाहीत त्या या दोरीपायीच. एकीनं आम्हां तिघा भावांना झोके दिले. आज ती सही करते ती अंगठ्यानं. अंगाई म्हटलं की लोकांना पौर्णिमेचा चंद्र आणि माउलीची माया आठवते. मला त्या पोरीच्या तळहातावर उठलेला दोरीचा वळ आठवतो.

घरात असली की आई जात्यावर. फटफटायच्या आधी दळण सुरू. एक पाय लांब केलेला, त्या मांडीवर पोर झोपलेलं, आणि ओवी चालू. जात्याची घरघर आणि ओवीचा सूर, दोन्ही एका लयीत. पोराला हलवायला वेगळं कोणी लागत नसे, जात्याच्या फेऱ्याबरोबर आईचं अंग हलायचं त्यातच पोर हलायचं. ही ओवी किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वरानं ११२९ साली ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षांहूनही आधी ओवी बायांच्या तोंडी होती. मांडीवरचं पोर राजानं लिहिलं नाही, पण कांडण-दळण करणारी बाई पोर कुठं ठेवत असेल हे आमच्यासारख्याला सांगावं लागत नाही.

या ओव्या कागदावर यायला मात्र आठशे वर्षं लागली. साने गुरुजी कोकणातले, पण मास्तर झाले आमच्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलात. १९४० च्या सुमारास त्यांनी बायांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ काढलं. सुशिक्षित पुरुषानं पाटी-पेन्सिल बाजूला ठेवून बायांच्या तोंडचं ऐकायचं, हे त्या काळी सोपं नव्हतं. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! आणि त्या सांगणाऱ्या बायांतल्या बहुतेकींना आपण काही कविता करतो आहोत असं वाटलंही नसेल.

बहिणाबाई चौधरींचं तेच. असोद्याच्या लेक, जळगावच्या सून, जन्म १८८०. ऐन तिशीत नवरा गेला, पदरात मुलं लहान. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी जे सुचलं ते लेवा गणबोलीत गात गेल्या. मुलगा सोपानदेव कवी झाले, त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं काही गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मी याच्याकडे असं बघतो: आई गात होती आणि पोर ऐकत होतं. ते ऐकणारं पोर पुढे लिहू शकलं, म्हणून आपल्याला बहिणाबाई मिळाल्या. ज्यांची पोरं लिहिण्याइतकी शिकली नाहीत, अशा किती आयांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली असतील?

डिझेलची चक्की गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायांचे खांदे सुटले, ते चांगलंच झालं. जातं परत यावं म्हणणाऱ्यांनी आधी आठवडाभर दळून बघावं. पण ओवीची बसायची जागा गेली हेही खरं. उरला तो बारशाचा पाळणा.

पाळण्याचं गाणं म्हणजे अंगाई नव्हे, ते चारचौघींसमोर म्हणायचं गाणं. रामनवमीला रामाचा, गोकुळअष्टमीला कृष्णाचा, शिवजयंतीला शिवबाचा, १४ एप्रिलला बाबासाहेबांचा. ज्या समाजाला जो थोर वाटला त्याला त्यानं पाळण्यात घातलं. मोठ्या माणसाला परत तान्हं करून झोका द्यायचा, ही आपल्या बायांची भक्ती करायची रीत मला फार आवडते. पण एक गोष्ट खटकते. यातले सगळे मुलगे. मुलगी झाली तरी बारशाला रामाचा, नाहीतर कृष्णाचाच पाळणा म्हणतात. जात्यावरच्या ओवीत लेकीसाठी जीव तुटतो, तिच्या सासरच्या वाटेकडे डोळे लागतात. ती ओवी बाई एकटी असताना म्हणायची. चारचौघींत गाणं मुलाचं. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८४२ निघाल्या. गाण्यामुळे असं झालं असं मी म्हणत नाही, ते सोनोग्राफीवाल्यांचं आणि आपलं पाप आहे. पण पाळण्यापाशी काय म्हणतो, त्यावर कोणाची वाट बघत होतो ते कळतंच.

पाळण्यात सांगितलेलं पोर धरून ठेवतं, हा विश्वास आपल्याकडे जुना. मार्कंडेय पुराणात मदालसा राणीची कथा आहे. पाळण्यातल्या पोरांना ती ब्रह्मज्ञान सांगायची. पहिले तिघे मुलगे संसार सोडून विरागी झाले. मग राजा घाबरला आणि चौथ्याच्या वेळी म्हणाला, याला राज्य करायला शिकव. तो अलर्क राजा झाला. खेड्यातली बाई पोराला एवढं मोठं काही सांगत नाही. तिची चिंता वेगळी, पोर जगलं पाहिजे. पाचवीला सटवाई पूजायची, पोराला काजळाचा तीट लावायचा, आणि पोर कितीही गोजिरवाणं असलं तरी तसं तोंडानं म्हणायचं नाही. आधीची दोन-तीन गेलेली असली तर पुढच्याचं नाव दगडू, धोंडू नाहीतर उकर्डा ठेवायचं, म्हणजे यमाला वाटेल की हे काही कामाचं नाही. माझ्या लहानपणी गावात दगडू नावाचे कितीतरी म्हातारे होते. त्या नावावर आम्ही हसायचो. पण प्रत्येक दगडूच्या मागे न जगलेली भावंडं होती. पोराला दगड म्हणण्यात केवढी माया असते, हे मला स्वतःला नातवंडं झाल्यावर कळलं.

उलट टोकाला आमच्याकडे तान्ह्याला ‘बापू’, ‘नाना’, ‘आप्पा’ म्हणायची रीत आहे. आजोबाचं नाव नातवाला दिलेलं असतं, आणि सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून सहा महिन्यांच्या पोराला ‘बापू, उठा, दूद प्या’ असं अहो-जाहो घालतात. पोरगी असली तर ‘मनी माय’.

पुरुषांचं काय? माझ्या वडिलांच्या काळी बापानं आपल्या बापासमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही. लाज गणली जायची. गळा मात्र पुरुषांनाही होता, तो मोटेवर बैलांपुढे मोकळा व्हायचा. गंमत बघा: बैल पाणी पितो तेव्हा आपण हलकी शीळ घालतो, आणि पोरानं शू करावी म्हणून बाया अगदी तशीच शीळ घालतात. कोणी कोणाकडून घेतली, देव जाणे. आता बाप बाजारातसुद्धा पोर कडेवर घेऊन फिरतात. हा बदल मला मनापासून पटतो.

माझी चुलत नात पुण्यात भाषेचा अभ्यास करते. सुट्टीत आली की ती मला वाचून दाखवते आणि मी तिला अहिराणी शब्द सांगतो. तिनं सांगितलं की १९६४ साली फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं जगातल्या सहा भाषांतली बाळबोली तपासली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या आदिवासींची कोमांची, सैबेरियाकडची गिल्याक, आणि आपली मराठी! त्याच वर्षी पुण्याच्या अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. सगळीकडे शब्द त्याच गोष्टींचे: खाणं, निजणं, शी-शू, जनावरं, नातीगोती. सगळीकडे जोडाक्षरं गळतात आणि शब्द दुणावतात. आणि हे शब्द बाळ तयार करत नाही. मम, भूभू, हम्मा, भुर्र हे मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले शब्द. पोर मोठं झालं की ते विसरतं, आणि आई-बाप झालं की त्याला ते बरोबर आठवतात.

अलीकडे, २०२२ साली, आणखी मोठा अभ्यास छापून आला. सहा खंडांतल्या २१ समाजांतून ४१० माणसांचं बोलणं आणि गाणं टेप केलं, एकदा बाळासाठी आणि एकदा मोठ्यांसाठी. ते १८७ देशांतल्या ५१ हजारांवर लोकांना ऐकवलं. भाषा कळत नसतानाही, हे बाळासाठी चाललं आहे की नाही याचा अंदाज लोकांना बऱ्यापैकी आला. सूर सगळ्या जगाचा बराचसा सारखा.

पण सगळेच बोबडं बोलतात असं नाही. न्यू गिनीच्या जंगलात कालुली नावाचे लोक आहेत. तिथली आई तान्ह्याशी बोबडं बोलत नाही. ती त्याचं तोंड लोकांकडे करून धरते आणि बारीक, नाकातल्या आवाजात त्याच्या वतीनं दुसऱ्यांशी बोलते. नातीला याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या ओट्यावर रोज तेच चालायचं. आजी पोराला धरून सुनेला ऐकवायची, ‘माय वं, माले भूक लागनी, तू कथा गयथी?’ सासूला सुनेवर रागवायचं असलं की पोराच्या तोंडून रागवायचं. भांडण व्हायचं नाही आणि पोराच्या कानावर बोली पडायची.

माझा जीव अडकतो तो इथे, शब्दांपाशी. सूर जाणार नाही, तो कुठंही येतो. शब्द मात्र घरातच मिळतात. १९०७ साली ग्रियर्सन साहेबानं भाषांच्या पाहणीत खानदेशी नोंदली, भिल्ली भाषांच्या खंडात. नमुन्याला त्यानं घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची बायबलातली गोष्ट सगळ्या भाषांत उतरवून घेतली होती. आमची बोली त्या गोष्टीतून पुस्तकात गेली, पाळण्यापाशी काय बोलतात ते कोणी विचारलं नाही. २००१ च्या जनगणनेत खानदेशी आपली मातृभाषा म्हणून सांगणारे २० लाख ७५ हजार होते. २०११ ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसं वाढली आणि बोली सांगणारे दोन लाखांनी घटले.

कारण शोधायला लांब जायला नको. गावातल्या सुना एकमेकींशी अहिराणी बोलतात, सासूशी अहिराणी बोलतात, आणि पोराकडे वळल्या की ‘बाळा, मिल्क पी, तो बघ डॉगी’. पोर शाळेत मागे पडू नये म्हणून. त्यांना नावं ठेवायला मी धजत नाही. बोलीमुळे वर्गात हसू झालेली ही पहिलीच पिढी नाही. माझ्या वर्गात ‘माले’ म्हटलं की छडी होती. पण पोराला मराठी शिकवायला शाळा आहे, इंग्रजीला क्लास आहे. ‘काय व्हयनं मना राजाले? कोनी मारं मना बापूले?’ हे शिकवायला दुसरी जागा नाही.

झोयी आता लोखंडी स्टँडवर आली आहे, वर स्प्रिंग लावलेली. बाजूला मोबाईल, त्यात कोण्या अनोळखी बाईची अंगाई, गोड आवाजाची. पोर झोपतंही. पण ती बाई पोराचं तोंड बघून थांबत नाही, पोर हुंकारलं तर उत्तर देत नाही. आमच्या घरी नातू आला की माझी बायको पहिल्यांदा तो मोबाईल बंद करते. तिला अंगाई धड येत नाही, गळाही नाही. ती आपली दोरी ओढत पोराला सांगत बसते: गाय कितव्या वेताला आली, कपाशीला बोंडअळी लागली, आणि तुना आजा सकायपासून कथा उलथना कोन जाने.